तीन तासांत तेवीस वर्षं!

मुलांनो, आज एका भांडणाची गोष्ट सांगणार आहे. भांडण खरंखुरं, आमच्या आंबिवलीतलं आणि तेसुद्धा एका सिनेमावरून. आता तुम्ही म्हणाल, ‘सिनेमावरून भांडण? त्यात काय नवल! आमच्या वर्गात रोज होतं!’ होत असेल. पण या भांडणात तुमचा काका हरला, आणि हरून त्याला बरं वाटलं. म्हणून ही गोष्ट सांगायची.

आंबिवली कुठं आहे, ते माहीत आहे ना? कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल पकडलीत की पहिलं स्टेशन शहाड, दुसरं आंबिवली आणि तिसरं टिटवाळा. टिटवाळ्याच्या गणपतीला जाताना तुमच्यापैकी कित्येक जण आमच्या स्टेशनावरून गेले असतील. जवळून काळू नदी वाहते. पावसाळ्यात ती फुगली की आमचं सगळं लक्ष तिच्याकडे आणि रेल्वेच्या घोषणांकडे.

असाच एक जुलैतला रविवार. बाहेर धो धो पाऊस, त्यात मेगाब्लॉक. कुठं जायची सोय नाही. आमच्या बिल्डिंगमधली पाच-सहा मुलं माझ्याकडे जमली आणि म्हणाली, “काका, काहीतरी भन्नाट दाखवा.” मी ‘इंटरस्टेलर’ लावला. क्रिस्टोफर नोलन यांचा हा सिनेमा २०१४ साली आला. चांगला पावणेतीन तासांचा आहे.

(थांबा! ज्यांनी हा सिनेमा पाहिलेला नाही आणि ज्यांना शेवट आधी कळलेला आवडत नाही, त्यांनी हे पान जपून ठेवावं, सिनेमा पाहून मग वाचावं. पुढं सगळं उघड सांगणार आहे. मग म्हणू नका, काकानं सांगितलं नाही!)

गोष्ट थोडक्यात अशी. पृथ्वीवर धुळीची वादळं सुरू आहेत, एकेक पीक रोगानं नष्ट होतंय. कूपर नावाचा शेतकरी पूर्वी वैमानिक होता. माणसांना राहायला दुसरा ग्रह शोधण्यासाठी तो अंतराळात जातो. घरी त्याचा मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी मर्फ. मर्फ त्याला जाऊ देत नाही, रडते, रुसते. तो जातोच. शनीजवळ एक ‘कृमिविवर’ आहे, म्हणजे अवकाशातला आडवाटेचा बोगदा. त्यातून तो दुसऱ्या दीर्घिकेत पोहोचतो. तिथं एक अवाढव्य कृष्णविवर आणि त्याच्याभोवती फिरणारे ग्रह. त्यातल्या एका पाणीच पाणी असलेल्या ग्रहावर एक तास घालवला की पृथ्वीवर सात वर्षं निघून जातात! कूपर तिथं अडकतो. यानाकडे परत येतो तेव्हा २३ वर्षं, ४ महिने आणि ८ दिवस उलटलेले असतात. शेवटी तो कृष्णविवरातच पडतो, तिथं त्याला आपल्याच घरातलं पुस्तकांचं कपाट मागच्या बाजूनं दिसतं आणि तिथून तो मर्फला एक निरोप पाठवतो.

सिनेमा संपला आणि घरात दोन पक्ष पडले.

एका बाजूला नववीतली एक मुलगी. तिचं म्हणणं, “एवढा भारी सिनेमा मी पाहिलेलाच नाही.” दुसऱ्या बाजूला आठवीतला एक पठ्ठ्या. त्याला आम्ही सगळे शंकासुरच म्हणतो, कारण त्याला शंका आल्याशिवाय राहत नाही. तो म्हणाला, “बोगस! काहीही दाखवतात. कपाटाच्या मागं बाबा? आणि एक तासात सात वर्षं? काका, तुम्हीच सांगा, हे शक्य आहे का?”

“तुला समजलं नाही म्हणून बोगस होय रे?” नववी म्हणाली.

“तुला समजलं? मग सांग, तो बोगदा कुणी तयार केला?”

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “समजलं... पण सांगता येत नाही.”

मुलांनो, हे वाक्य ऐकून मी मनातल्या मनात ओशाळलो. कारण हा सिनेमा मी पहिल्यांदा थिएटरात पाहिला, तेव्हा दुसऱ्या दिवशी लोकलमधल्या मित्रांनी विचारलं होतं, “समजला का?” आणि मी छाती पुढं काढून म्हणालो होतो, “हो, म्हणजे काय!” खरं तर निम्मा डोक्यावरून गेला होता. ‘नाही समजला’ म्हणायची लाज वाटली, दुसरं काय!

तेव्हा मी मुलांना म्हटलं, “असं करू. माझा ऑफिसचा तीन कप्प्यांचा डबा आहे ना, तसा एक डबा मनात धरू. जे जे समजलं नाही, ते ते एका कप्प्यात टाकायचं. पहिला कप्पा विज्ञानाचा. म्हणजे जे खरं आहे, पण आपल्याला अजून माहीत नाही. दुसरा कप्पा गफलतीचा. तिथं सिनेमावाल्यांनीच सूट घेतली किंवा गोंधळ घातला. आणि तिसरा कप्पा उघड्या प्रश्नाचा. म्हणजे उत्तर त्यांनी मुद्दाम आपल्यावर सोडलंय. नुसतं ‘समजलं नाही’ म्हणायचं नाही. कुठल्या कप्प्यातलं समजलं नाही, ते सांगायचं.”

मुलं खूश. भांडणाला नियम मिळाला की भांडण रंगतं!

कप्पा पहिला : विज्ञानाचा

सुरुवात शंकासुराच्या शंकेनं. एक तासात सात वर्षं, हे कसं?

अल्बर्ट आइनस्टाइन यांनी १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्यातून निघालेली एक गोष्ट अशी, की गुरुत्वाकर्षण जिथं जास्त, तिथं काळ सावकाश चालतो. घड्याळ बिघडतं म्हणून नव्हे. काळच सावकाश चालतो. हृदयाचे ठोके, दुधाचं विरजण, केसांची वाढ, सगळंच!

“मग आपल्याला कसं जाणवत नाही?” शंकासुर.

कारण पृथ्वीवर हा फरक फारच चिमुकला आहे. पण तो आहे, आणि मोजलाही गेलाय. १९७१ साली दोन शास्त्रज्ञांनी अणुघड्याळं प्रवासी विमानात ठेवून जगप्रदक्षिणा घातली. जमिनीवरच्या घड्याळांशी ती ताडून पाहिली तेव्हा सेकंदाच्या काही अब्जांशांचा फरक सापडला, आणि तो सिद्धांताशी जुळला. २०१० साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत तर फक्त ३३ सेंटिमीटर उंचीच्या फरकानं पडणारा काळाचा फरक मोजला गेला. म्हणजे तुमच्या पाठ्यपुस्तकाच्या उंचीपेक्षा थोडासाच जास्त!

आम्ही लगेच आमच्या बिल्डिंगचं गणित केलं. तिसरा मजला तळमजल्यापेक्षा १० मीटर उंच आहे असं धरा. तर तिसऱ्या मजल्यावरचं घड्याळ वर्षभरात सेकंदाच्या सुमारे ३४ अब्जांश भागानं पुढं जातं. तळमजल्यावरच्या आजी हे ऐकून म्हणाल्या, “म्हणजे मी खाली राहते म्हणून तरुण आहे तर!” बरोबर, आजी. फक्त एक सेकंद तरुण राहायला तुम्हाला जवळजवळ तीन कोटी वर्षं तळमजल्यावर राहावं लागेल!

आणि हा फरक निरुपयोगी नाही बरं का. मोबाइलवर रस्ता दाखवणारे जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांची घड्याळं दिवसाला एका सेकंदाच्या ३८ दशलक्षांश भागानं पुढं जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर एका दिवसात जागेची चूक १० किलोमीटरच्या वर जाईल. म्हणजे आंबिवलीला बोलावलेली रिक्षा डोंबिवलीत जाऊन उभी!

आता सिनेमातल्या ग्रहाचं गणित करा. एका तासाला सात वर्षं, तर एका मिनिटाला सुमारे ४३ दिवस आणि एका सेकंदाला सुमारे १७ तास. आमच्याकडून मुंबईला लोकलनं साधारण दीड तास लागतो. तेवढा वेळ त्या ग्रहावर काढला तर इकडं साडेदहा वर्षं गेली! आणि २३ वर्षं ४ महिने म्हणजे तिथले तीन तास वीस मिनिटं. करून बघा.

इथं मी माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, “काळाबद्दल ठीक आहे. पण एवढ्या जबरदस्त गुरुत्वाकर्षणात तो ग्रहच फाटून जाईल. माणूस तर शेवयांसारखा लांब ताणला जाईल. तेव्हा हा ग्रह कप्पा दुसरा, गफलत!”

शंकासुरानं टाळ्या वाजवल्या. नववी काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी ती वही घेऊन हजर. म्हणाली, “काका, तुमचं चुकलं. ताणलं जाणं हे नुसत्या गुरुत्वाकर्षणामुळं होत नाही. जवळच्या टोकाला किती ओढ आणि लांबच्या टोकाला किती, या दोन्हीतल्या फरकामुळं होतं. कृष्णविवर लहान असलं, म्हणजे काही सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं, तर त्याच्या काठावर हा फरक भयंकर. पण कृष्णविवर जितकं मोठं, तितका काठावरचा फरक कमी. सिनेमातलं कृष्णविवर १० कोटी सूर्यांएवढं आहे, म्हणून ग्रह टिकतो.”

मी गणित तपासलं. तिचं बरोबर होतं. मी हरलो!

तिनं आणखी एक गंमत शोधून आणली होती. या सिनेमाचे शास्त्रीय सल्लागार होते किप थॉर्न. गुरुत्वीय लहरींच्या शोधाबद्दल २०१७ सालचं भौतिकीचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले एक. नोलन त्यांच्याकडे ‘एक तासाला सात वर्षं’ हा हट्ट घेऊन गेले, तेव्हा हे शक्य नाही असंच थॉर्न यांनाही आधी वाटलं होतं. मग त्यांनी घरी जाऊन गणित केलं आणि निघालं, की कृष्णविवर जर स्वतःभोवती अगदी कमाल वेगाच्या जवळपास फिरत असेल, तर हे बसू शकतं. नोबेल मिळवणारा माणूससुद्धा आधी ‘नाही’ म्हणाला आणि मग आपलं उत्तर बदलायला तयार झाला. मग तुमच्या काकाला बदलायला काय हरकत आहे?

एवढ्यात आजी गरम कांदाभजी घेऊन वर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अरे, ही तर रेवतीची गोष्ट!” आणि त्यांनी सांगितली. ककुद्मी राजा आपल्या मुलीसाठी, रेवतीसाठी, वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला. तिथं गायन चाललं होतं म्हणून थोडा वेळ थांबला. गायन संपल्यावर ब्रह्मदेव हसून म्हणाले, “राजा, तू मनात योजलेले वर केव्हाच गेले. पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटली!” मग परत आल्यावर रेवतीचं लग्न बलरामाशी झालं.

“म्हणजे आपल्या लोकांना हे आधीच ठाऊक होतं!” एक जण ओरडला.

मी म्हटलं, “कल्पना होती, आणि ती फार सुंदर आहे. वेगळ्या ठिकाणी काळ वेगळा चालत असेल, हे कुणाच्या तरी मनात आलं. पण तो का वेगळा चालतो, किती वेगळा चालतो आणि ते घड्याळानं कसं पडताळायचं, हे सांगितलं तेव्हा त्याचं विज्ञान झालं. दोन्हींचा मान वेगवेगळा. आजींच्या गोष्टीचा मान कमी करायला नको आणि आइनस्टाइनचा हिशेब तिच्या नावावर मांडायलाही नको.” आजींना पटलं. म्हणाल्या, “भजी गार होतायत, आधी ती पडताळा!”

आणि आपल्या मराठीत ही गोष्ट काही नवी नाही बरं का. इंटरस्टेलरच्या तब्बल चाळीस वर्षं आधी, १९७४ साली, मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं ते ‘कृष्णविवर’ नावाच्या कथेला. लेखक म्हणून नाव होतं नारायण विनायक जगताप. या नावाचं कुणी नव्हतंच! ती कथा लिहिली होती जयंत विष्णू नारळीकर यांनी. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी करा बघू : ना. वि. ज.! एवढ्या नामवंत खगोलशास्त्रज्ञाचं नाव पाहून परीक्षकांनी गुण देऊ नयेत, कथा पाहून द्यावेत, म्हणून ही युक्ती. नारळीकर सर मे २०२५ मध्ये आपल्यातून गेले. त्यांच्या विज्ञानकथा वाचल्या नसतील, तर वाचनालयात आधी त्या मागा.

कप्पा दुसरा : गफलतीचा

आता शंकासुराची पाळी. या कप्प्यात त्यानं तीन गोष्टी टाकल्या.

पहिली, चित्राची. सिनेमातलं कृष्णविवर किती सुंदर दिसतं! मध्ये काळा गोळा आणि त्याच्याभोवती वर-खाली वळलेली तेजस्वी कडी. हे चित्र थॉर्न यांच्या समीकरणांवरून संगणकानं काढलं आणि त्या कामावर २०१५ साली शास्त्रीय नियतकालिकात निबंधही छापून आला. सिनेमाला दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळालं. मग गफलत कसली? तर १० एप्रिल २०१९ रोजी खऱ्या कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र जगापुढं आलं, एम-८७ या दीर्घिकेच्या मध्यावरचं. त्यात कड्याची एक बाजू जास्त उजळ आहे. आपल्याकडे वेगानं येणारा वायू जास्त तेजस्वी दिसतो, लांब जाणारा मंद. हे सिनेमावाल्यांना आधीपासून ठाऊक होतं. पण प्रेक्षक गोंधळतील म्हणून त्यांनी दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या. म्हणजे ही चूक नव्हे, घेतलेली सूट. कप्प्यात मात्र ती दुसऱ्याच!

दुसरी, कूपरचं कृष्णविवरात जाणं. कृष्णविवराच्या आत नेमकं काय आहे, हे आजच्या विज्ञानाला खात्रीनं सांगता येत नाही. तेव्हा तिथं नोलन यांनी कल्पनेचा घोडा सोडला. शंकासुर म्हणाला, “माहीत नाही म्हणून काहीही दाखवायचं?” थॉर्न यांनी कामाला सुरुवात करताना दोन अटी घातल्या होत्या. पक्क्या ठरलेल्या नियमांविरुद्ध काही दाखवायचं नाही, आणि जिथं अटकळ बांधायची तिथं ती विज्ञानातून निघालेली हवी, लेखकाच्या लहरीतून नव्हे. आता पुस्तकांचं कपाट दुसऱ्या अटीत बसतं का? नववी म्हणाली बसतं, शंकासुर म्हणाला नाही. मी? माझं मत शंकासुराला.

तिसरी शंका सगळ्यात बिकट. कृमिविवर कुणी तयार केलं? सिनेमा सुचवतो, की दूरच्या भविष्यातल्या माणसांनी. पण ती माणसं जगली कशी? त्या कृमिविवरामुळं! मग ते नसतं तर ती नसती, आणि ती नसती तर ते नसतं. आधी काय?

“कोंबडी आधी की अंडं!” सहावीतला धाकटा म्हणाला.

जवळपास, पण हे त्याहून चक्रावणारं आहे. असं समजा, आजीनं तुम्हाला एका लाडवाची कृती शिकवली. तुम्ही कालयंत्रात बसून भूतकाळात गेलात आणि लहानपणीच्या आजीला तीच कृती शिकवलीत. आजीनं ती लक्षात ठेवली आणि मोठेपणी तुम्हाला शिकवली. आता सांगा, ती कृती मुळात सुचली कुणाला? कुणालाच नाही! लाडू आहेत, पण सुगरण नाही.

यावर दोन्ही पक्ष तासभर भांडले. नववीचं म्हणणं, काळ जर वर्तुळासारखा वळू शकत असेल, तर ‘आधी’ हा प्रश्नच चुकीचा. वर्तुळाची सुरुवात कुठं असते? शंकासुराचं म्हणणं, तसं वर्तुळ कुणी पाहिलंय? कृमिविवरसुद्धा अजून कुणाला सापडलेलं नाही. आइनस्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ साली ते कागदावर मांडलं, एवढंच. दोघांचंही म्हणणं मला वजनदार वाटलं. शेवटी हा प्रश्न आम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या कप्प्याच्या मधल्या झाकणावर ठेवला!

कप्पा तिसरा : उघड्या प्रश्नाचा

आता हे ओळखायचं कसं, की लेखकानं प्रश्न मुद्दाम उघडा ठेवलाय, का त्याला उत्तर जमलंच नाही?

यालाही नारळीकर सर धावून येतात. त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवते? एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात तिचं इंग्रजी रूप घेतलं गेलं. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात पोहोचतात, जिथं १७६१ चं पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं आहे! परत आल्यावर सगळ्यांना वाटणार, की हा भ्रम. पण त्यांच्या खिशात एका बखरीचा फाटका कागद असतो. आपल्या जगातल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. त्या कागदावर मात्र गोळी त्यांना चाटून जाते. लेखक आपल्या हातात एक पुरावा देतो आणि म्हणतो, आता करा विचार.

हीच कसोटी. प्रश्न उघडा ठेवणारा प्रामाणिक लेखक पुरावे देतो, दोन्ही बाजूंचे. नोलन यांच्याच ‘इन्सेप्शन’ या २०१० सालच्या सिनेमात शेवटी टेबलावर भोवरा फिरत असतो. तो पडला तर हे जग खरं, फिरत राहिला तर स्वप्न. तो किंचित डगमगतो आणि सिनेमा संपतो! पुरावा समोर आहे, निकाल तुमच्याकडे.

मग इंटरस्टेलरमधला उघडा प्रश्न कुठला? काही जण म्हणतात, की कूपर कृष्णविवरात मेलाच आणि पुढचं सगळं त्याचं शेवटचं स्वप्न. मी विचारलं, पुरावा? कुणालाच नीटसा देता आला नाही. म्हणून ते आम्ही बाहेर ठेवलं.

तेव्हा इतका वेळ भिंतीला टेकून गप्प बसलेला एक मुलगा बोलला. सातवीत आहे. त्याचे बाबा मालवाहू बोटीवर काम करतात, सात-आठ महिन्यांनी घरी येतात. तो म्हणाला, “काका, तिसऱ्या कप्प्यात माझा एक प्रश्न टाका. कूपरचं जाणं बरोबर होतं का?”

सगळे गप्प.

तुम्हाला तो प्रसंग आठवतो ना? पाण्याच्या ग्रहावरून कूपर परत येतो आणि यानात २३ वर्षांचे निरोप साठलेले असतात. तो एकेक बघत जातो. मुलगा मोठा होतो, त्याचं लग्न होतं, त्याला बाळ होतं. मर्फ मात्र रागावलेली, तिचा एकही निरोप नाही. मग अचानक ती पडद्यावर येते, वडील घरातून गेले तेव्हा जेवढे होते, अगदी तेवढ्या वयाची होऊन.

तो मुलगा म्हणाला, “बाबांची बोट बंदराला लागली की रेंज येते आणि सगळे मेसेज एकदम येतात. एकदा मी रागावलो होतो. दोन महिने मी एकही मेसेज टाकला नाही. बाबा घरी आल्यावर म्हणाले, बंदर आलं की मी आधी तुझाच शोधायचो.”

मी काय उत्तर देणार? नववी म्हणाली, “तो गेला नसता तर कुणीच वाचलं नसतं.” शंकासुर, नेहमीचा फटकळ, पण हळूच म्हणाला, “हो, पण दहा वर्षांच्या मुलीला ते कसं कळणार? तिला एवढंच दिसलं, की बाबा गेले.” सिनेमात दोन्हींचे पुरावे आहेत. मुलांसाठीच तो गेला, हेही खरं. आणि जायची त्याला मनातून ओढ होती, आकाश त्याला बोलावत होतं, हेही खरं. इथं नोलन यांनी निकाल दिलेला नाही. आम्हीही दिला नाही. त्या मुलालाही निकाल नको होता, असं मला वाटतं. प्रश्न मोठ्यानं विचारायचा होता.

पालकहो, हा सिनेमा मुलांबरोबर बसून बघा, ही माझी विनंती. पहाटेची लोकल गाठणाऱ्यांनी तर नक्कीच.

एक गोष्ट राहिलीच. या सिनेमात सगळ्यात जास्त घात कुणी केला, सांगा बघू? कृष्णविवरानं? नाही. डॉ. मॅन नावाच्या शास्त्रज्ञानं. त्याचा ग्रह राहण्यालायक नव्हता. पण एकटं मरायची भीती वाटली म्हणून त्यानं ‘इथं सगळं उत्तम आहे’ असा खोटा अहवाल पाठवला. त्यावर विश्वास ठेवून बाकीचे तिथं गेले, माणसं मेली, यान मोडलं. तो दुष्ट नव्हता, घाबरला होता. लोकलमध्ये मी ‘समजला’ असं ठोकून दिलं होतं, तेव्हा मीही घाबरलोच होतो, हसतील म्हणून. माझ्या थापेनं कुणाचं यान मोडलं नाही, हे खरं. पण खोट्या अहवालाची सवय अशा लहान ‘समजलं’पासूनच लागते. वर्गात सर विचारतात, “समजलं?” आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, “हो सर!” आठवतंय ना?

पुढच्या वेळी डबा उघडा आणि म्हणा, “सर, पहिल्या कप्प्यातलं समजलं नाही.”

आता या आठवड्याचा गृहपाठ :

१) आजोबांच्या ८० वर्षांच्या आयुष्यात, १० मीटर उंचीवरचं घड्याळ तळमजल्यावरच्या घड्याळापेक्षा किती पुढं जाईल? (वर आकडा दिलाय, नुसता गुणाकार करा.)

२) कपाटामागची ती विचित्र खोली चार मितींच्या घनाची आहे. रेषेला २ टोकं, चौरसाला ४ कोपरे, घनाला ८. मग चार मितींच्या घनाला किती कोपरे?

३) याला उत्तर एकच नाही. कूपरचं जाणं बरोबर होतं का? दहा ओळींत लिहा. पण अट अशी, की सिनेमातला एक तरी पुरावा द्यायचा, आणि तुमच्या विरुद्ध बाजूचाही एक मान्य करायचा.

उत्तरं मला पाठवा. आणि या लेखात काही चुकलं असेल तर तेही बिनधास्त कळवा. हरायची मला आता सवय झाली आहे!

तुमचा,
काका